रॉन्डाचा कोपरा

दर गुरुवारी सकाळी ल्यूथरन चर्चच्या तळघरात गोधडीची लाकडी चौकट मांडली जायची. तिच्याभोवती बसणाऱ्या बायकांचा एक नियम होता, आणि तो कुणी कुणाला कधी समजावून सांगितलेला नव्हता. जिचे टाके वाकडे पडायचे, लांब पडायचे, तिला काही बोलायचं नाही. तिला कॉफी द्यायची, गुडघ्यांची चौकशी करायची, वेळेवर घरी जाऊ द्यायचं. ती गेली की मागे राहिलेल्या एकीने तिचे टाके उसवायचे आणि नव्याने घालायचे. पुढच्या गुरुवारी ती बाई येणार, आपल्या जागी बसणार आणि आपलंच काम म्हणून त्यावरून कौतुकाने हात फिरवणार.

आता याला माया म्हणा नाहीतर लबाडी म्हणा. त्यांच्यातल्या अर्लिस टायडेनला विचारलं असतं तर ती म्हणाली असती, यात बोलण्यासारखं काय आहे? आणि खरोखरच कुणी बोलत नसे. 'उसवणं' हा शब्दच त्या तळघरात कुणी उच्चारत नसे. कप विसळता विसळता एक दुसरीला हळूच म्हणायची, "ती बाजू बघ गं जरा." बस्स, एवढंच. बघ म्हटलं की जिला कळायचं तिला कळायचं.

गेली कित्येक वर्षं ही बाजू बघायची वेळ आली होती ती ओपलबाईंची. ओपलबाई नव्वदीला टेकलेल्या, कानाने ठार बहिऱ्या, आणि हात असे थरथरायचे की सुईत दोरा अर्लिसची मैत्रीण लॉरेटा ओवून द्यायची. पण बाई हटायच्या नाहीत. "माझा हात अजून बरा चालतो हं," त्या सगळ्यांना ऐकवायच्या, आणि सगळ्या माना डोलवायच्या. त्या गेल्या की अर्लिस किंवा लॉरेटा, दोघींपैकी एक मागे राहायची. तळघराची किल्ली अर्लिसकडे असल्यामुळे बहुतेक वेळा अर्लिसच.

अर्लिसचा हात मात्र काउंटीभर नावाजलेला होता. लग्न ठरलं की मुलीची आई आधी पाद्रीबाबांना फोन करायची आणि मग अर्लिसला. बाळंतविडे, लग्नाच्या गोधड्या, मिशनच्या लिलावासाठी दरसाल एक मोठी, आणि शिवाय जुलैतल्या जत्रेसाठी एक खास, जिच्यावर वर्षभर कुणाला बसूसुद्धा द्यायची नाही. पहिल्या बक्षिसाच्या निळ्या फितींनी तिच्या घरातली जिन्याची भिंत भरली होती. एकदा राज्याच्या जत्रेत, तिकडे राजधानीत डेमॉइनला, तिचं पहिलं बक्षीस हुकलं, कारण परीक्षक बाईंना अस्तरावर मांजराचा एक केस सापडला. अर्लिस महिनाभर त्या मांजराशी बोलली नाही. तिचा नवरा मर्ल तेव्हा हयात होता. तो म्हणायचा, "माझ्याशी अबोला धरलास तर मला कळतं तरी का धरलास ते. त्या बिचाऱ्याला काय कळणार?"

आणि अशा बाईच्या पोटी रॉन्डा. एकुलती एक, आणि सुईचं वावडं असलेली. ती धान्याच्या कोठारावर वजनकाट्याशी बसायची. मका आणि सोयाबीनचे ट्रक यायचे, शेतकरी खिडकीतून शिव्या द्यायचे आणि ती त्यांना सव्याज परत करायची. सगळा गाव तिला घाबरायचा आणि सगळा गाव हिवाळ्यात गाडी अडकली की तिलाच फोन करायचा. आईच्या कामाबद्दल तिचं मत एकच: "धडधाकट कापड आणायचं, त्याच्या चिंध्या करायच्या आणि मग त्या परत जोडत बसायचं. वेडाला काय शिंगं असतात?"

दोन वर्षांपूर्वी नाताळच्या सुमाराला तिच्या स्वादुपिंडात गाठ निघाली. डॉक्टर भला माणूस होता, त्याने आशा वाढवून सांगितली नाही. रॉन्डाने काटा सोडला, घर बंद केलं, आणि पन्नाशी उलटलेली ती बाई आपले दोन बूट आणि एक पिशवी घेऊन आईच्या घरी परत आली. खिडकीपाशी बापाची खुर्ची होती, तिच्यात बसली. बाहेर बर्फ. टीव्हीचा तिला कंटाळा. एक दिवस म्हणाली, "आई, तुमच्यात सगळ्यात अवघड नमुना कोणता गं?"

"तुला काय करायचंय?"

"सांग तर."

"दारुड्याची वाट," अर्लिस म्हणाली. "गोलाई कापायची आणि गोलाईतच जोडायची. भल्याभल्यांची तारांबळ उडते."

"नाव काय म्हणालीस?"

"दारुड्याची वाट. ठिगळं लावत गेलं की वाट अशी झोकांड्या खात जाते, म्हणून."

रॉन्डा इतकी हसली की पोट धरून बसावं लागलं. तिचा सोडलेला नवरा ड्वेन त्याच वाटेचा. "मग तीच करायची," ती म्हणाली. "ड्वेनच्या नावाने एक तरी गोष्ट धड होऊ दे. आणि तुमच्या त्या तळघरात चौकटीला लावायची हं, बरोब्बर पाद्रीबाबांच्या पायाखाली."

रंग तिने निवडले, हिरवा आणि दुधी. कापणं, जोडणं सगळं अर्लिसने केलं, कारण कात्री धरायचं बळ रॉन्डाच्या बोटांत उरलं नव्हतं. वरचा थर, कापूस आणि अस्तर असे तिन्ही थर कच्च्या दोऱ्याने बांधून झाले, तेव्हा रॉन्डा म्हणाली, "आण इकडे. एक कोपरा मी करते."

अर्लिसने एक कोपरा हातातल्या गोल कड्यात ताणून दिला. अंगुस्तान कुठल्या बोटात घालायचं, सुई वरून खाली आली की खालच्या बोटाला कशी टोचते आणि टोचली तरच बरोबर चाललंय असं कसं समजायचं, हे सगळं तिने त्या म्हाताऱ्या झालेल्या पोरीला शिकवलं. जे सहाव्या वर्षी शिकवायचं राहिलं ते. फेब्रुवारीच्या दुपारी दोघी खिडकीशी बसायच्या. रॉन्डा थोडं शिवायची, झोपायची, उठून परत थोडं शिवायची. टाके कसे होते म्हणून काय सांगावं? एक लांब, एक आखूड, एकाचं तोंड इकडे तर दुसऱ्याचं तिकडे. मध्येच एका जागी तिला गुंगी आली असावी, तिथे टाका आखलेली रेघ सोडून भलतीकडेच निघाला होता आणि मग वळसा घेऊन परत आला होता.

"कसं झालंय?"

"बरं झालंय की."

"खोटं बोलू नकोस, चर्चला जातेस."

अर्लिस हसली. आयुष्यात इतकी सुखाची दुपार आपल्याला मिळाली नव्हती असं तिला वाटलं, आणि लगेच तिला त्या वाटण्याची भीती वाटली.

मग रॉन्डा सुई खाली ठेवून म्हणाली, "आई, हे तुम्ही उसवाल."

"कोण म्हणतं?"

"मी म्हणते. तुमच्या चौकटीखाली बसून मोठी झालेय मी. वर तुमच्या गप्पा आणि खाली मी. 'ती बाजू बघ गं' म्हणजे काय ते मला शाळेत जायच्या आधीपासून ठाऊक आहे. माझं बघायचं नाही हं तुम्ही. शब्द दे."

"दिला."

"आणि जत्रेत लाव. आहे असंच लाव. परीक्षक बाईंनी नाक मुरडलं तर मुरडू दे. इतकी वर्षं या गावात काढली, पण त्या मांडवात माझ्या हातचं म्हणून काही कधी टांगलेलं नाही. एकदा टांग. लोकांना दिसू दे."

मार्चमध्ये बर्फ वितळायच्या आत ती गेली. दफनानंतरचं जेवण तळघरातच झालं. बायकांनी हॅमचे सँडविच केले, चीज घातलेले बटाटे केले, आणि भिंतीला टेकवून ठेवलेली गोधडीची चौकट त्या दिवसापुरती पडद्यामागे लपवली. कोठारावरचे शेतकरी स्वच्छ सदरे घालून आले, हातात टोप्या धरून नुसते उभे राहिले. त्यातल्या एकाने अर्लिसला सांगितलं की आता काट्यावर एक पोरगा बसतो आणि फार नम्रपणे बोलतो, आणि एवढं बोलून तो रडायला लागला.

एप्रिलमध्ये गोधडी चौकटीवर चढली. पहिल्या दिवशी साऱ्याजणींनी तो कोपरा पाहिला. तो कुणाचा हे सांगावं लागलं नाही. लॉरेटाने फक्त आपली खुर्ची त्या बाजूने हलवली आणि अर्लिससाठी जागा केली, आणि अर्लिस तिथे बसली. तेव्हापासून दर गुरुवारी ती तिथेच बसायची, सगळ्यात आधी यायची आणि सगळ्यात शेवटी जायची. किल्ली तर तिच्याकडे होतीच.

तुम्ही म्हणाल, एवढा जीव टांगणीला लावण्यापेक्षा सरळ सांगायचं ना, बायांनो, या कोपऱ्याला हात लावू नका. सांगते का नाही सांगितलं ते. समोर ओपलबाई बसलेल्या असायच्या. बहिऱ्या खऱ्या, पण ओठांवरून सगळं ओळखायच्या. 'उसवू नका' असं म्हटलं असतं तर बाईंनी विचारलं असतं, का बरं, इथे उसवतं कोण? मग सगळ्यांची तोंडं बघण्यासारखी झाली असती, आणि नव्वदीच्या त्या बाईला कळलं असतं की गेल्या दहा वर्षांत तिचा एकही टाका कुठल्या गोधडीत उरलेला नाही. लॉरेटाला एकटीला गाठून सांगता आलं असतं. अर्लिसने दोनदा तोंड उघडलंही. पण पोरीचे टाके वाईट पडलेत हे कबूल केल्याशिवाय ते उसवू नका असं म्हणता येत नव्हतं, आणि रॉन्डाला जाऊन पुरते तीन महिनेही झालेले नव्हते. जिभेवर येईना. तिने मनाशी म्हटलं, मी आहे ना इथे. मी असताना कोण हात लावतंय.

जूनच्या मध्यावर एका बुधवारी तिच्या पोटात अशी कळ आली की ती स्वयंपाकघरातच खाली बसली. पित्ताशयातले खडे. अॅम्ब्युलन्सने शहरातल्या इस्पितळात नेलं, रातोरात ऑपरेशन झालं. सकाळी लॉरेटाचा फोन आला.

लॉरेटा मेंट्स म्हणजे अर्लिसची चाळीस वर्षांपासूनची मैत्रीण. शेतं शेजारशेजारची, नवरे एकाच वर्षी गेलेले. बोलायला लागली की थांबायची नाही. "काय गं बाई, जीव घेतलास आमचा," ती म्हणाली. "आता गप पडून राहा. कुत्र्याला मी जेवायला घातलं, तुझ्या टोमॅटोंना पाणी घातलं. आणि गोधडीची काळजी करू नकोस. जत्रा तोंडावर आलीय, तू काही आता वाकून बसणार नाहीस. आम्ही आज उरलेलं संपवतो, गोटसुद्धा मी घरी नेऊन लावते. काही सांगायचंय?"

अर्लिसच्या नाकात नळी होती, तोंडाला कोरड पडली होती, औषधाने डोकं जड झालं होतं. एवढं मात्र तिला स्वच्छ आठवत होतं की आज गुरुवार आहे आणि आपण तिथे नाही.

"लॉरेटा," ती म्हणाली, "तो कोपरा बघ गं तेवढा. रॉन्डाचा."

पलीकडे लॉरेटा गप्प झाली. लॉरेटा गप्प झाली हेच खरं तर खटकायला हवं होतं.

"नक्की म्हणतेस, अर्लिस?"

"हो गं. तूच बघ. दुसऱ्या कुणाच्या हातात देऊ नकोस."

"बरं," लॉरेटा म्हणाली. तिचा आवाज जड झाला होता. "मीच बघते. तू निवांत झोप."

आणि अर्लिस खरोखरच निवांत झोपली. कित्येक आठवड्यांत पहिल्यांदा.

ती घरी आली त्यानंतर दोन दिवसांनी लॉरेटा गोधडी घेऊन आली. वर स्वच्छ चादर गुंडाळली होती, अंडी आणावीत तशी दोन्ही हातांवर धरली होती. रुबार्बच्या आंबट देठांची घरी भाजलेली गोड पाईही आणली होती. दोघींनी मिळून गोधडी पलंगावर पसरली. सुरेख झाली होती. हिरवी वाट दुधी कापडावरून झोकांड्या खात या टोकापासून त्या टोकापर्यंत गेली होती, गोट काटकोनात वळला होता, एक सुरकुती नाही. अर्लिसने पोटावरची जखम सांभाळत वाकून तो कोपरा हातात घेतला.

टाके एकसारखे होते. बारीक, सरळ, एका रेषेत. रेघ सोडून भलतीकडे गेलेला वळसा नव्हता. अर्लिसला आधी वाटलं आपण चुकीचा कोपरा धरलाय. तिने दुसरा पाहिला, तिसरा पाहिला, चौथा पाहिला. मग परत पहिला.

लॉरेटाने डोळे पुसले. "माझा हात उठत नव्हता गं," ती म्हणाली. "खरं सांगते. दोनदा कात्री खाली ठेवली. म्हटलं, पोरीचं हे शेवटचं, कसं उसवू? पण तू म्हणालीस. आणि मग मला वाटलं, बरोबर आहे तुझं. तिच्या नावाने जत्रेत जाणार, लोकांनी हसायला नको. म्हणून सगळ्यांना घरी पाठवलं आणि एकटी बसले. त्या नादात ओपलबाईंची त्या दिवसाची बाजू बघायची राहिलीच. इतकं मन लावून मी माझ्या लेकीच्या लग्नाच्या गोधडीवर नव्हतं शिवलं, अर्लिस. भोकंसुद्धा बुजवली बघ. पाणी शिंपडून नखाने घासून घासून बुजवली. उन्हात धरलंस तरी दिसायची नाहीत."

अर्लिसने खरंच तो कोपरा खिडकीतल्या उजेडात धरला. दिसत नव्हती. लॉरेटाचं काम होतं ते, त्यात खोट कुठून राहणार?

आपण फोनवर काय बोललो ते तिला त्या क्षणी शब्दाशब्दाने आठवलं. ती पलंगाच्या काठावर बसली.

"दोरा?" तिने विचारलं.

"कसला?"

"उसवलेला. निघालेला दोरा."

"झाडून टाकला की. तो काय ठेवायचा?"

लॉरेटाचा चेहरा दमलेला होता, डोळे सुजलेले होते, आणि ती वाट बघत होती. शाबासकीची नाही, लॉरेटा तशी नव्हती. आपण मैत्रिणीच्या मनासारखं केलं ना, एवढंच तिला ऐकायचं होतं. अर्लिसला वाटलं, ओरडावं. वाटलं, हिला घराबाहेर काढावं आणि दार लावून घ्यावं. पण ओरडून सांगणार काय? तूच बघ, दुसऱ्या कुणाला देऊ नकोस, असं आपल्याच तोंडाने सांगितलं होतं.

"छान झालाय," ती म्हणाली.

"खरंच?"

"खरंच. बस, पाई कापते."

लॉरेटा गेल्यावर ती गोधडीशेजारी आडवी झाली आणि जखमेला ताण बसू नये म्हणून पोटावर उशी दाबून धरून रडली. मर्ल गेला तेव्हा रडली नव्हती इतकी, रॉन्डा गेली तेव्हाही रडली नव्हती इतकी. रॉन्डा गेली तेव्हा तो कोपरा होता. हात फिरवला की टाके बोटाला लागायचे, आणि कुठल्या टाक्याला पोरगी काय बोलली होती तेही आठवायचं. आता बोटाला लागत होता तो लॉरेटाचा हात. ती कोपरा चाचपत राहिली, पुन्हा पुन्हा, एखादा तरी टाका नजरचुकीने सुटला असेल म्हणून. लॉरेटाच्या नजरेतून काही सुटलेलं नव्हतं.

जत्रेत द्यावी की नाही? द्यायची नाही म्हटलं तर लॉरेटा कारण विचारणार. आणि टांग म्हणून तर रॉन्डाने सांगितलं होतं. पण टांगायचं ते तिच्या हातचं म्हणून, आणि तेच उरलं नव्हतं. अर्लिस दोन आठवडे याच विचारात होती. शेवटी लॉरेटाच गाडी घेऊन दारात आली आणि गोधडी मागच्या सीटवर चढली. मंडळींनी मिळून केलेल्या गोधड्यांच्या गटात तिचं नाव गेलं, बायकांच्या नावांत सगळ्यात वर रॉन्डाचं. लॉरेटाने मुद्दाम तसं लिहायला लावलं.

जत्रेत निवाडा सगळ्यांसमोर होतो. पत्र्याच्या मांडवात खुर्च्या मांडलेल्या, शेजारच्या मांडवातून डुकरांचा आणि भाजलेल्या कणसांचा वास, पंखे नुसते गरम हवा ढवळत होते. पांढरे हातमोजे घातलेल्या दोन मुली एकेक गोधडी उचलून धरायच्या, पुढची बाजू, मग मागची. नावं झाकलेली. परीक्षक बाई दुसऱ्या काउंटीतून आलेल्या, चष्मा दोरीला बांधलेला, बोलायला फटकळ. एका गोधडीचा गोट पोकळ आहे म्हणाल्या, एकीला म्हणाल्या की रंग निवडताना दिवे गेले होते का. खुर्च्यांतून हसू फुटलं. ओपलबाई पहिल्या रांगेत बसल्या होत्या, त्यांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, तरी सगळ्यांबरोबर हसत होत्या.

मग हिरवी-दुधी गोधडी वर गेली.

परीक्षक बाई पुढे आल्या. एका बाजूवरून हात फिरवला, दुसऱ्या बाजूवरून फिरवला. "यात बरेच हात आहेत," त्या म्हणाल्या. "चांगले हात आहेत. एक हात दमलेला आहे, त्याचं काही नाही." मग त्या त्या कोपऱ्याशी आल्या आणि थांबल्या. चष्मा डोळ्यांवर चढवला. कोपरा उलटून पाठीमागून पाहिला. "हा मात्र," त्या म्हणाल्या, "हा कुणी केलाय? बायांनो, इथे या आणि बघा. पुढून आणि मागून सारखा टाका. हे शिकवून येत नाही. या एका कोपऱ्यासाठी मी निळी फीत देते, आणि मांडवातली सर्वांत चांगली गोधडी म्हणून जांभळीही देते. केलाय कुणी? उठून उभं राहा बघू, लाजू नका."

टाळ्या पडल्या. लॉरेटाने अर्लिसच्या कोपराला धरलं. "ऊठ," ती कुजबुजली. तिचे डोळे भरून वाहत होते. "ऊठ आणि सांग, रॉन्डाने केला म्हणून. सगळ्या गावाला ऐकू दे. कोठारावरची माणसंसुद्धा आलीयत बघ मागे."

अर्लिस उठली. मागे खरंच ती माणसं उभी होती, टोप्या काढून. सगळा मांडव तिच्याकडे बघत होता. रॉन्डा टायडेन, एवढे दोनच शब्द म्हणायचे होते. तिच्या पोरीला आयुष्यात कुणी वाजवल्या नाहीत एवढ्या टाळ्या वाजल्या असत्या. आणि त्या वाजल्या असत्या दुसरीच्या टाक्यांना. रॉन्डाचे टाके त्यांच्यापैकी कुणी पाहिले नव्हते आणि आता कुणी पाहणारही नव्हतं.

"लॉरेटा मेंट्सने," अर्लिस म्हणाली. "हिने केलाय." आणि खाली बसली.

टाळ्या लॉरेटासाठी वाजल्या. लोक वळून वळून तिच्याकडे बघायला लागले, कुणीतरी तिच्या पाठीवर थाप मारली. लॉरेटा उठली नाही. तिचा चेहरा गोंधळून गेला होता.

"हे काय केलंस?" ती म्हणाली. "माझं नाव कशाला घेतलंस? रॉन्डाचं घ्यायचं होतं ना. तिच्यासाठीच तर..."

"तिचं त्यात काही राहिलं नाही, लॉरेटा."

"असं काय बोलतेस? तूच म्हणालीस ना मला, कोपरा बघ म्हणून."

अर्लिसने ठरवलं होतं की हे मरेपर्यंत बोलायचं नाही. पण मांडवात उकाडा होता, टाळ्या थांबत नव्हत्या, आणि गेले कित्येक दिवस मनात कोंडलेलं ते तिच्या परवानगीशिवाय बाहेर आलं.

"मी नुसतं बघ म्हटलं होतं गं," ती म्हणाली. "नुसतं बघ. कुणी हात लावू नये म्हणून."

लॉरेटा तिच्याकडे बघत राहिली. मग तिला कळलं. कळताना तिच्या चेहऱ्यावर जे झालं ते बघवेना, म्हणून अर्लिसने मान खाली घातली. लॉरेटाने दोन्ही हात मांडीवर उलटे करून ठेवले आणि त्या हातांकडे बघायला लागली, जणू ते दुसऱ्या कुणाचे होते. अर्लिसने तिचा एक हात धरला. सोडून द्यावा असंही तिला वाटत होतं, पण धरला. दोघी म्हाताऱ्या शेजारशेजारच्या खुर्च्यांवर बसून सगळ्या गावादेखत रडायला लागल्या.

पहिल्या रांगेतल्या ओपलबाईंनी मागे वळून पाहिलं. फीत कुठे लागली ते त्यांना दिसलं नव्हतं. त्यांनी खुर्ची वळवून घेतली आणि आपला थरथरता हात पुढे करून अर्लिसच्या गुडघ्यावर ठेवला.

"नाही मिळालं का गं बक्षीस?" त्यांनी मोठ्याने विचारलं. "जाऊ दे. रडू नका. माझे टाके चुकले असतील."

अर्लिसने मान वर केली आणि बाईंना ओठ नीट दिसतील अशा बेताने, सावकाश सांगितलं, "मिळालं, ओपलबाई. पहिलं मिळालं."